बार्बाडोस: सासू-सासरे, दोन पोरं आणि बोट, जमेल का?

एडिसनची_माऊ

नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बार्बाडोसला जायचं ठरलंय, तिकिटं झाली (जेएफकेवरून डायरेक्ट आहे, साधारण पावणेपाच तास), राहायचं साउथ कोस्टला सेंट लॉरेन्स गॅपजवळ, किचनवालं अपार्टमेंट घेतलंय. आता खरा गोंधळ पुढे आहे. आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा (पूलमध्ये छान पोहतो, समुद्रात कधी नाही), मुलगी ५ वर्षांची (पोहता येत नाही पण भीतीही नाही, म्हणजे जास्त डोकेदुखी), आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाई घोट्यापर्यंत पाण्यात जातात त्याच्यापुढे नाही, शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही. सासऱ्यांना गुडघ्याचा त्रास आहे पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त, त्यांना समुद्र वगैरे ठीक, मुख्य म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचंय.

नवऱ्याने यूट्यूब बघून बघून यादी केलीये: पाच तासांची कॅटमरान बोट, कासवांबरोबर पोहणं, सबमरीन, जेट स्की, पूर्वेकडचा तो मोठ्या लाटांचा बीच. मला वाटतंय की एवढं सगळं केलं तर घरी परत आल्यावर सुट्टी घ्यावी लागेल. कुणी मोठ्या माणसांना घेऊन गेलंय का तिथे? यातलं काय ठेवायचं काय काढायचं? आणि बोट लागते का हो तिकडे, मला अलिबागच्या लाँचमध्येसुद्धा गरगरतं.

---

मालवणचो_मासो

माऊ, यादी नंतर, आधी एक गोष्ट नवऱ्याला नकाशावर दाखव. हे बेट तसं चिमुकलं, लांबी जेमतेम ३४ किलोमीटर आणि रुंदी २३, पण त्याच्या तीन बाजूंना तीन वेगळे समुद्र असल्यासारखं आहे. पूर्वेला उघडा अटलांटिक, आफ्रिकेपासून मधे काहीच आडवं नाही, वारा वर्षभर पूर्वेकडूनच वाहतो त्यामुळे त्या बाजूला लाटा कायम उसळलेल्या. पश्चिमेला कॅरेबियन समुद्र, तिथे बेटच वाऱ्याला आडवं येतं म्हणून पाणी तळ्यासारखं. आणि दक्षिण, जिथे तुम्ही राहताय, ती अधलीमधली, एका बीचवर मुलं खेळतायत आणि थोडं पुढे गेलं की लोक काइट सर्फिंग करतायत. म्हणजे 'बार्बाडोसचा समुद्र शांत आहे का' या प्रश्नाला उत्तरच नाही, कुठल्या बाजूचा ते विचारायचं.

बाथशीबाला (तोच तुझ्या नवऱ्याचा मोठ्या लाटांचा बीच) जा नक्की, पण बघायला. तिथल्या लाटेला सूप बोल म्हणतात आणि जगभरचे सर्फर येतात, आपण तिथे पोहायचं नाही म्हणजे नाही. पाण्यात उभे असलेले ते प्रचंड खडक, वारा, खारे शिंतोडे, चहा प्यायचा, ओहोटीला खडकांत डबकी तयार होतात त्यात पाय बुडवून बसायचं. सासूबाईंना हाच सगळ्यात आवडेल बघ. माझ्या आईला आवडला होता.

मुलांसाठी कार्लाइल बे. ब्रिजटाऊनला, म्हणजे राजधानीला, लागूनच आहे, अर्धगोल खाडी, पेबल्स बीच आणि ब्राउन्स बीच दोन्ही तिथेच. वाळू पांढरी, पाणी हळूहळू खोल होत जातं. आपल्याकडे बीचवर जायचं तर आधी भरती-ओहोटीचं टायमिंग बघायची सवय असते, तिथे भरती-ओहोटीत मीटरभराचासुद्धा फरक पडत नाही, त्यामुळे सकाळी होता तो बीच दुपारी तिथेच असतो, पोरीवर लक्ष ठेवायला ते फार सोयीचं.

तुमच्या गॅपपासून चालत किंवा टॅक्सीने पाच मिनिटांवर वर्दिंग बीच आहे, तिथे बाहेर रीफ असल्यामुळे आतलं पाणी बरंच अडलेलं राहतं. रोजच्या संध्याकाळसाठी तो. डोव्हर बीच गॅपलाच चिकटून आहे पण तिथे लाट जरा जोरात लागते, ९ वर्षांच्याला मजा येईल, ५ वर्षांचीला हात धरूनच.

---

तिखट_सांजा

आम्ही माझ्या आईबाबांना घेऊन केलेली कॅटमरान. कर. डोळे मिटून कर, फक्त अख्ख्या कुटुंबाने एकाच बोटीत जायचा अट्टहास सोड.

कसं असतं सांगते. सकाळी हॉटेलवरून गाडी घेऊन जाते, ब्रिजटाऊनहून साधारण साडेनवाच्या आसपास बोट निघते, पश्चिम किनाऱ्याला धरून वर जाते, एका ठिकाणी कासवं, एका ठिकाणी बुडालेलं जहाज, मग कुठेतरी पोहायला थांबतात, जेवण बोटीवरच, दारू अमर्याद, अडीच तीनपर्यंत परत. माणशी शंभर डॉलरच्या वर जातंच, मुलांना कमी. (अमेरिकन डॉलर म्हणतेय, तिथे किमती कधी यूएस मधे लिहिलेल्या असतात कधी बार्बाडोस डॉलरमधे, दोनाला एक असा फिक्स रेट आहे, विचारून घ्यायचं नाहीतर उगाच हार्ट अटॅक येतो.)

बोट लागण्याबद्दल: कॅटमरानला शेजारी शेजारी दोन सांगाडे असतात म्हणून ती अलिबागच्या लाँचसारखी या कुशीवरून त्या कुशीवर लोळत नाही. शिवाय वर मासो म्हणाले तसं वाऱ्याच्या आडोशाने जाते. तरी तुला गरगरतं तर गोळी बोट हलायला लागल्यावर नाही, निघायच्या तासभर आधी घे. बोनीन घेतेस का? ती कमी झोप आणते. सासऱ्यांना बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नको. पुढच्या जाळीवर सगळे फोटो काढायला लोळतात, तू तिथे जाऊ नको, मागे सावलीत बस, क्षितिजाकडे बघ आणि फोनमधे डोकं घालू नको.

मोठ्या माणसांचा खरा प्रॉब्लेम पाणी नाही, ऊन आणि शिडी. पाण्यात उतरायची शिडी उभी असते, परत चढताना गुडघ्याला जड जातं. सासऱ्यांना उतरायचं नसेल तर काही बिघडत नाही, वरून कासवं स्पष्ट दिसतात, पाणी तेवढं स्वच्छ आहे.

जेवणाचं: बुक करताना लिहून द्यायचं 'नो मीट नो फिश नो एग', आणि आदल्या दिवशी फोन करून परत सांगायचं. आमच्या बोटीवर मॅकरोनी पाय, भात, सॅलड, तळलेली केळी असं होतं. मॅकरोनी पायमधे बऱ्याचदा अंडं घालतात म्हणून सासूबाईंसाठी विचारून घे, आणि खरं सांगू, डब्यात थेपले ने.

अजून एक, नवऱ्याला मिशी आहे का? असेल तर मास्कमधे पाणी शिरतं. ओठावर व्हॅसलीन लावायचं, थांबतं.

---

एडिसनची_माऊ

मिशी आहे आणि तो ती काढणार नाही, व्हॅसलीन लिहून घेतलं 😄

मासोकाका, बाथशीबाचं एकदम पटलं. सांजा, 'एकाच बोटीत' म्हणजे काय, आई-बाबांना मागे ठेवून जायचं? वाईट नाही का वाटणार? आणि ५ वर्षांचीला नेऊ का?

---

तिखट_सांजा

अगं मागे ठेवून म्हणजे टाकून नाही. अर्धा दिवस तुम्ही चौघं बोटीवर, ते दोघं कार्लाइल बेला छत्री-खुर्ची भाड्याने घेऊन, किंवा मस्त अपार्टमेंटच्या बाल्कनीत. त्यांनाही आपल्यापासून सुटका हवी असते हे आपण विसरतो. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी ग्लास बॉटम बोट, ती तासाभराची असते, पोहायचं नाही, काचेतून मासे बघायचे. होलटाऊनच्या आसपास मिळतात.

५ वर्षांचीला ने, पण लाइफ जॅकेट घरून घेऊन जा. अमेरिकेत कोस्ट गार्डचा शिक्का असलेलं तिच्या वजनाचं मिळतं. बोटीवर जॅकेटं असतात पण लहान मुलांच्या मापाचं नीट बसणारं मिळेलच असं नाही, आणि ढगळ जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर येतं. आणि दारू अमर्याद आहे हे परत सांगते, दुपारी दोननंतर वातावरण बदलतं, म्हणून बुक करतानाच 'फॅमिली क्रूझ आहे का, किती लोक घेता' विचार. छोटी बोट थोडी महाग पडते पण पैसे तिथे घाल, जेट स्कीवर नको.

---

अंजनवेल

मी जरा वेगळं मत मांडते, राग मानू नये.

कासवांचा जो कार्यक्रम बोटीवाले करतात तो मला पटत नाही. बऱ्याच ठिकाणी माशांचे तुकडे टाकून कासवं गोळा करतात. हिरवं कासव मोठं झाल्यावर मुख्यतः समुद्री गवत आणि शेवाळ खातं, त्याला रोज फुकट मासे मिळाले की ते माणसं आणि बोटी दिसल्या की धावत येतं, आणि मग प्रॉपेलर लागतो. वर पन्नास माणसं एकदम पाण्यात, कुणाचा पाय कासवाच्या पाठीवर, कुणी सेल्फीसाठी धरायला जातंय. एकदा बघितलं आणि मन उडालं.

कासवं बघायला बोट लागतच नाही. कार्लाइल बेमधेच ती येतात आणि तिथेच किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतक्या अंतरावर बुडालेली जहाजं आहेत, सहा आहेत एकूण. त्यातलं बर्विन नावाचं टगबोट सगळ्यात उथळ पाण्यात आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं फ्रेंच, १९१९ साली तिथे बुडालं, शंभर वर्षांत त्याच्यावर पोवळी आणि स्पंज वाढून ते जहाज कमी आणि बाग जास्त झालंय. मास्क लावून वरून बघितलं तरी दिसतं. सकाळी आठच्या आत जायचं, बोटी यायच्या आधी. पाणी काचेसारखं असतं आणि किनाऱ्यावर गर्दी नसते.

आणि अजून लवकर, म्हणजे उजाडता उजाडता पेबल्स बीचवर गेलात तर रेसचे घोडे समुद्रात आंघोळीला आणतात. गॅरिसन सवाना म्हणून रेसकोर्स आहे जवळच, तिथले. मानेपर्यंत पाण्यात घोडे आणि त्यांना धरून पोहणारी पोरं. याला तिकीट नाही, बुकिंग नाही, पोहता यायची गरज नाही, सासू-सासरे दोघंही आरामात बघू शकतात. जेट लॅगचा प्रश्न नाही पण म्हातारी माणसं तशीही पाचला उठलेली असतातच.

---

मालवणचो_मासो

कासवांच्या बाबतीत अंजनवेलताईंचं बरोबर आहे पण सगळ्याच बोटी तशा नाहीत. काही जण अजिबात खायला घालत नाहीत, बुकिंग करताना विचारलं की सांगतात, आणि जो 'गॅरंटीने कासव दाखवू' म्हणतो तो बहुतेक घालतोच. हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही, वरून आडवं तरंगत राहायचं, ते आपणहून जवळून जातं.

पण पोहत जहाजापर्यंत जाणं या कुटुंबाला मी सांगणार नाही. मुलगा पूलमधे पोहतो म्हणजे त्याच्या पायाखाली टाइल्स असतात, समुद्रात पायाखाली काळंनिळं दिसलं की पूलमधे चाळीस लॅप मारणारी मुलंही घाबरून श्वास जोरात घ्यायला लागतात. आमच्याकडे तारकर्लीला स्नॉर्कलिंगला येणाऱ्या पर्यटकांचं मी हेच बघत आलोय. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून नुसतं तोंड बुडवून उभं राहायची प्रॅक्टिस, जमलं की बाप हात धरून दहा मीटर, मग बोट. शिवाय कार्लाइल बेमधे बोटींची आणि जेट स्कींची ये-जा असते, बोयांनी आखलेल्या पोहायच्या भागातच राहायचं.

आणि जानेवारीबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. पश्चिमेचं पाणी शांत म्हणालो ते बरोबर, पण हिवाळ्यात वर उत्तर अटलांटिकमधे मोठी वादळं होतात, त्यांची लाट दोन-तीन दिवसांनी उत्तरेकडून खाली येते आणि नेमका पश्चिम किनाराच धरते. तेव्हा होलटाऊन-मलिन्सच्या बाजूला सर्फर दिसायला लागतात, वाळू ढवळून पाणी गढूळ, स्नॉर्कलिंगला काही दिसत नाही. आकाश मात्र निळंशार, त्यामुळे लोकांना कळत नाही की बिघडलं काय. म्हणून कॅटमरान पहिल्या दोन दिवसांतल्या एखाद्या दिवसाला बुक करा म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते, आणि आधी सर्फच्या वेबसाइटवर स्वेल, म्हणजे ही लांबून येणारी लाट, उत्तरेकडून येतोय का तेवढं बघा. पाऊस बघू नका, जानेवारीत पाऊस आला तरी पंधरा मिनिटांत जातो.

---

क्रिकेटवेडा_सोलापूरकर

सगळे कासवांच्या मागे लागलेत, सासऱ्यांच्या मागणीकडे कुणी बघतच नाही म्हणून लिहितो.

ताई, केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाऊनमधेच आहे, कार्लाइल बेपासून टॅक्सीने काही मिनिटं. बाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. आत एका बाजूला माल्कम मार्शल एंड, दुसऱ्या बाजूला जोएल गार्नर एंड, नुसती नावं ऐकून बॅट्समनने पॅड सोडावेत. २९ जून २०२४ ला आपण इथेच टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप जिंकला, ७ धावांनी, सूर्याने बाउंड्रीवर मिलरचा कॅच घेतला ते हेच मैदान, रोहितने खेळपट्टीची माती तोंडात घातली ती इथलीच. आणि दोन दिवसांनी बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद, टीम तिथेच अडकली. वादळ दक्षिणेकडून निसटलं पण त्याच्या लाटांनी ब्रिजटाऊनच्या कोळ्यांच्या बोटींची वाट लावली होती.

सासरे पुण्याचे आणि जुने क्रिकेटवाले असतील तर त्यांना १९६२ आठवेल. नरी कॉन्ट्रॅक्टर कॅप्टन, बार्बाडोसविरुद्धच्या मॅचमधे ग्रिफिथचा बॉल डोक्याला लागला, कवटीचं ऑपरेशन झालं, रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल पुढे आला, आपल्यातले बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर यांनीही दिलं. त्या वॉरेलची समाधी केव्ह हिलला युनिव्हर्सिटीच्या मैदानाशेजारी आहे, त्याचे जोडीदार बॅट्समन वीक्स आणि वॉलकॉट पण तिथेच. मुख्य रस्त्यापासून लांब नाही. मला विचाराल तर कॅटमरानपेक्षा...

१९९७ च्या इथल्या टेस्टबद्दल मी बोलणार नाही. १२० हवे होते. सचिन कॅप्टन. ८१ ऑल आउट. बिशप, अँब्रोस, रोझ. बोलणार नाही म्हटलं ना.

मैदान आतून बघायचं असेल तर मॅच नसलेल्या दिवशी, आधी फोन करून विचारून जा.

---

तिखट_सांजा

सोलापूरकर, धागा बीचचा आहे 😂 पण ते रक्ताचं माहीत नव्हतं मला.

---

गोट्या_टोरंटो

फास्टमधे काही प्रॅक्टिकल, कारण वर कुणी लिहिलं नाही.

कॅमोफ्लाज कपडे नेऊ नका. मिलिटरीच्या डिझाइनची हिरवी चट्टेरीपट्टेरी हाफ पँट, टोपी, बॅग काहीही. बार्बाडोसमधे सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनाही लागू. ९ वर्षांच्या मुलाच्या कपाटात एकतरी असतेच, बॅग भरताना बघ.

मँचिनील नावाचं झाड, बीचवर असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. विषारी आहे, फळ तर नाहीच पण त्याचा चीक अंगाला लागला तरी फोड येतात, आणि पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहायचं नाही, पानांवरून ओघळलेलं पाणीही भाजतं. बऱ्याच झाडांना बुंध्यावर लाल पट्टा मारलेला असतो, पोरांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेव. वेस्ट कोस्टला जास्त आहेत.

व्हिसा: भारतीय पासपोर्टला बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो तेवढा. पण परत येताना अमेरिकेचा व्हिसा चालू हवा ना! तुम्ही एच-वनवर असाल आणि पासपोर्टवरचा स्टँप संपला असेल तर कॅनडा-मेक्सिकोहून संपलेल्या स्टँपवर परत येता येतं ती सवलत या बेटांना नाही. सासू-सासऱ्यांचा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघ, आणि परतीचं पुण्याचं तिकीट त्यांच्या हातातल्या बॅगेत ठेव.

फिरायला: बस, मिनीबस, झेडआर व्हॅन सगळ्यांना साडेतीन बार्बाडोस डॉलर, कितीही लांब जा. झेडआर म्हणजे पांढऱ्या व्हॅन, म्हातारपणी एकदा अनुभव म्हणून ठीक, गाणी एवढ्या आवाजात की सीट हलते. गॅपजवळच्या हायवेवरून ११ नंबर ब्रिजटाऊनला जाते. सासऱ्यांना आवडेल, सासूबाईंना टॅक्सी कर, टॅक्सीला मीटर नाही, बसायच्या आधी भाव आणि डॉलर कुठले ते ठरव. गाडी भाड्याने घेतली तर डावीकडून चालवायची, आपल्याकडच्यासारखी, फक्त न्यू जर्सीत सवय मोडलेली असते आणि आतले रस्ते उसाच्या शेतांमधून अरुंद.

---

एडिसनची_माऊ

कॅमोफ्लाज!! आहे पोराकडे, हाफ पँट आणि टोपी दोन्ही, आजच बाजूला काढते. स्टँप आमचा आहे, त्यांचा दहा वर्षांचा मल्टिपल आहे.

सबमरीनबद्दल कुणी काही बोललं नाही? आणि जेट स्कीला एवढा विरोध का, नवरा विचारतोय. तो म्हणतो बीचवरच माणसं येऊन विचारतात, स्वस्त पडते.

---

अंजनवेल

तेच कारण आहे, बीचवरच माणसं येऊन विचारतात. आमच्यातल्या एकाने घेतली, अर्ध्या तासाचे ठरले होते, वीस मिनिटांत परत बोलावलं आणि वर 'खरचटलंय' म्हणून जास्तीचे पैसे मागितले, कागद काही नाही, पावती नाही, भांडायचं कुणाशी. पैसे गेले ते गेले, पण इन्शुरन्स आहे का विचारलं तर तो माणूस नुसता हसला होता. ज्यांना हवीच आहे त्यांनी हॉटेलच्या डेस्कवरून लायसन्सवाल्याकडून घ्यावी, आणि पोहणाऱ्या लोकांपासून लांब.

सबमरीन अटलांटिस नावाची आहे, ब्रिजटाऊनहून आधी एका बोटीने बाहेर नेतात आणि मग समुद्रात सबमरीनमधे उतरायचं, उतरायला शिडी आहे बरं का, उभी, सासऱ्यांच्या गुडघ्यांना विचारा. आत एसी, दोन्ही बाजूंना गोल खिडक्या, दीडशे फुटांपर्यंत खाली जाते. पोहता न येणाऱ्याला एवढं खोल बघायला दुसरा मार्गच नाही, त्यामुळे सासूबाईंचं धाडस होत असेल तर हीच. खाली गेलं की सगळं निळं दिसतं, लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो, लाल शर्ट घालून बसलात तर तो राखाडी-काळपट दिसायला लागतो, मुलांना ही गंमत आधी सांगू नका. लहान मुलांना उंचीची अट आहे, पाच वर्षांची साधारण बसते त्यात, तरी बुक करताना बघून घ्या.

सनस्क्रीनवरून आठवलं, मुलांना पूर्ण बाह्यांचे स्विम शर्ट घालाच आणि झिंकवालं लावा, पोवळ्यांना त्रास कमी. बेट विषुववृत्तापासून १३ अंशांवर आहे, वारा छान असल्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही.

---

मालवणचो_मासो

सासूबाईंच्या जेवणाचं अजून एक. तिथे रास्ताफारी लोकांचं 'आयटल' जेवण मिळतं, ब्रिजटाऊनमधे छोटी छोटी दुकानं आहेत, मांस नाही मासे नाहीत, बरेच जण मीठही घालत नाहीत, डाळी, भोपळा, ब्रेडफ्रूट, नारळाच्या दुधातला भात. आपला नीरफणसच तो ब्रेडफ्रूट, विस्तवावर भाजलेला मिळाला तर सोडू नका. आणि रोटी मिळते, म्हणजे आपली पोळी नाही, मोठ्या पातळ पोळीत बटाट्याची करी गुंडाळलेली, बटाट्याचीच आहे ना विचारून घ्यायचं. तिथला पिवळा पेपर सॉस आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघा, सोलापूरकरांनाही घाम फुटेल.

शुक्रवारी ऑइस्टिन्सचा फिश फ्राय गॅपपासून अगदी जवळ आहे, सगळं बेट लोटतं तिथे, पण सासूबाईंसाठी वासाचा विचार करा, त्यांना घरी ठेवून तुम्ही जा. मी असतो तर माझ्या आईला मागे ठेवलं असतं, तिने मला जाऊ दिलं असतं का हा वेगळा प्रश्न.

---

एडिसनची_माऊ

तर आता असं ठरतंय: पहिले दोन दिवस वर्दिंगला मास्कची प्रॅक्टिस, मधल्या एका पहाटे घोडे, त्याच दिवशी पुढे ओव्हल. कॅटमरान तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं, खायला न घालणारी छोटी बोट शोधते. आई-बाबांना ग्लास बॉटम. सबमरीनचं सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या 'बंद असते ना? मग पाणी कुठून येणार, चला', आणि सासरे शिडी ऐकून मागे सरले, उलटंच झालं. जेट स्की बाद. बाथशीबाला टॅक्सी पूर्ण दिवस की अर्धा?

---

गोट्या_टोरंटो

कॅटमरान तिसऱ्यावर नको, मासोंनी सांगितलंय तसं दुसऱ्या दिवशी सकाळी ठेव, प्रॅक्टिस पहिल्या दुपारी उरकता येते. आणि क्रूझ जहाजं बंदराला लागतात तेव्हा सगळ्या बोटी फुल, बंदराचं वेळापत्रक ऑनलाइन मिळतं, कमी जहाजांचा दिवस बघून बुक कर.

बाथशीबाला पूर्ण दिवस. वाटेत हॅरिसन्स केव्ह आहे, आत ट्राममधे बसवून नेतात म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न नाही. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि पूर्वेकडे डोंगराची सावली त्याआधीच पडते, त्यामुळे केव्ह नंतर ठेव, बाथशीबा आधी.